भंगारवाल्याच्या आधी पोहोचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत काळाचौकीला एका गणेशोत्सव मंडळाची तळमजल्यावरची ३५० चौरस फुटांची खोली गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर कुलपात असते. तिथे आठ-नऊ जणांना सगळ्यांसाठी खुली कार्यशाळा सुरू करायची आहे: सुतारकाम, थोडं लोखंडकाम, शिवण, इलेक्ट्रॉनिक्स, घरातल्या वस्तूंची दुरुस्ती. हाताशी पैसे फारसे नाहीत, म्हणून उपकरणं देणगीत मिळवायचं ठरलं. २३ वस्तूंची यादी करून ४० कंपन्यांना पत्रं पाठवली. तीन महिन्यांत एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, तेही ‘सध्या शक्य नाही’ असं. आमचं कुठे चुकतंय आणि पत्र कसं लिहावं, असं विचारलंय. सोबत पत्राची, यादीची आणि त्या एका नकाराची प्रत जोडली आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या परिच्छेदात तरुणांच्या हाताला काम, दुसऱ्यात स्वावलंबन, आणि तिसऱ्याच्या शेवटी ‘जुनी अथवा नवी, कोणत्याही प्रकारची उपकरणे देऊन उपकृत करावे’. आता हे पत्र ज्याच्या टेबलावर गेलं त्याचा विचार करा. कंपनीत सामाजिक दायित्वाचं (सीएसआरचं) काम बघणाऱ्या त्या बाईंकडे किंवा साहेबांकडे एक स्क्रूड्रायव्हरही नसतो. त्यांच्याकडे बजेट असतं, आणि ते कुठे जायचं हे बहुधा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं असतं. ड्रिल मशीन ज्याच्या ताब्यात धूळ खात पडलंय तो माणूस मागच्या बाजूला, स्टोअर्समध्ये किंवा मेंटेनन्सला बसतो. तुमचं पत्र त्याच्यापर्यंत गेलंच नाही. गेलं असतं तरी ‘कोणत्याही प्रकारची’ हे वाचून त्याला काही सुचलं नसतं. माणसाला ‘काहीही द्या’ म्हटलं की तो काहीच देत नाही, किंवा नको ते देतो.

मी कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या विभागात, ३१ वर्षं काढली. निवृत्तीनंतर भांडुपला चौघांनी मिळून अशीच एक जागा उभी केली, तिला आता नऊ वर्षं झाली. तिथलं जवळजवळ सगळं मागून आणलेलं आहे, त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचं आहे. काही ठिकाणी तोंडावर आपटून मिळालेल्या अनुभवाचं.

पहिली गोष्ट, तुमची स्पर्धा कोणाशी आहे ते ओळखा. दुसऱ्या संस्थांशी नाही. ती आहे कुर्ल्याच्या, साकीनाक्याच्या, दारूखान्याच्या भंगारवाल्याशी. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाव खाली-वर होत असतो, पण टनभर वजनाचा लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) भंगारातसुद्धा काही हजारांचा ऐवज असतो. भंगारवाला फोन केला की येतो, रोख मोजतो, चांगलं-वाईट सगळं एका फेरीत उचलतो आणि संध्याकाळपर्यंत गाळा मोकळा करून देतो. गाळा रिकामा करायला निघालेल्या मालकाला हेच हवं असतं. तुम्ही मात्र म्हणता, बैठक घेऊन कळवतो. मग दोन रविवार बघायला जाता, सहा जण जाता, फोटो काढता, आणि त्यातलं एकच यंत्र हवंय म्हणता. मालक कशाला थांबेल?

मग भंगारवाल्याकडे नसलेलं तुमच्याकडे काय आहे? एकच गोष्ट: ते यंत्र चालू राहील. ज्यांनी यंत्रावर आयुष्य काढलंय त्यांना याचं मोल फार असतं. पण ते पत्रातून कळत नाही, समोर उभं राहून सांगावं लागतं.

साकीनाक्याच्या एका गाळेमालकांची गोष्ट सांगतो. वय पंचाहत्तरच्या पुढे, मुलगा परदेशी, गाळा भाड्याने द्यायचा ठरलेला. कोपऱ्यात पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं भोकं पाडायचं यंत्र होतं, दर खंडेनवमीला त्यांनी स्वतः पुसून झेंडूचा हार घातलेलं. मी गेलो तेव्हा दसरा होऊन आठवडा झाला होता, हार सुकला होता पण काढला नव्हता. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: कोण चालवणार, कुठे ठेवणार, पावसात काय करणार. मी काय उत्तरं दिली ते आठवत नाही, पण तिसऱ्या प्रश्नाला मी पटकन उत्तर दिलं म्हणून त्यांचा विश्वास बसला असावा. ड्रिल मिळालं. सोबत साध्या डब्यांत आकारांप्रमाणे लावलेले ड्रिल बिट, आटे पाडायचे टॅप, डाय आणि काम घट्ट धरायचे दोन मशीन वाइस मिळाले, ज्यांचं बाजारमोल त्या ड्रिलपेक्षा जास्त होतं. आणि पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी ते स्वतः आले, ड्रिल नीट बसवलंय का बघायला. मग पाच वर्षं दर शनिवारी येत राहिले. आमच्या पोरांना बिटला धार लावायला त्यांनी शिकवलं. मी शिकवलं असतं तर निम्मं शिकवलं असतं.

म्हणून यादीतून यंत्रं मागण्याआधी माणूस मागा. ज्या यंत्राबरोबर ते जाणणारा माणूस महिन्यातून दोनदा यायला तयार आहे, ते थोडं खराब असलं तरी घ्या. ज्याच्याबरोबर कोणीच येत नाही आणि तुमच्यातही ते कोणाला येत नाही, ते कोरं करकरीत असलं तरी थांबा.

अशी माणसं तुमच्या आसपास किती आहेत याचा तुम्हाला अंदाज नाही असं पत्रावरून वाटलं. अहो, तुम्ही गिरणगावात बसलेले आहात. १९८२ चा संप झाला, मग एकेक गिरणी बंद पडत गेली, पण गिरण्यांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले फिटर, टर्नर, जॉबर कुठे हवेत विरले नाहीत. काही गावाला गेले, काही गेलेच. पण त्यांच्यामागून आलेली, छोट्या गाळ्यांत आणि टूलरूममध्ये हात बसलेली एक पिढी लालबाग-परळ-शिवडीच्या चाळींत आणि आता टॉवरच्या पुनर्वसनाच्या खोल्यांत राहते आहे. त्यांच्या पोटमाळ्यावर मायक्रोमीटर, व्हर्निअर, कानशींचे जुडगे, पाने पडून आहेत. चाळ पाडायची नोटीस आली की पहिलं भंगारात जातं ते हेच. मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहा: ‘घरात हत्यारं पडून असतील तर द्या, आणि ती वापरायला शिकवायला या.’ ४० पत्रांचं जमलं नाही ते या दोन ओळींनी जमेल. गणपतीच्या दहा दिवसांत तर मांडवात एक टेबलच टाका. इतकी माणसं आपणहून तुमच्या दारात दुसऱ्या कुठल्या निमित्ताने येणार आहेत?

चालू यंत्रं मिळतात ती बंद होणाऱ्या गाळ्यांतून. लोअर परळच्या औद्योगिक वसाहतींत आता स्टुडिओ आणि कचेऱ्या आल्या. भांडुप-मुलुंडच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने गेले, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येही तेच चाललंय. कोणता गाळा कधी बंद होणार हे वर्तमानपत्रात येत नाही. ते माहीत असतं नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग आणि हार्डवेअर विकणाऱ्या दुकानदाराला, मोटर रिवाइंड करणाऱ्याला (जळालेल्या मोटरची तार पुन्हा गुंडाळणाऱ्याला), वसाहतीच्या गेटवरच्या टेम्पोवाल्याला. आमच्या दर तीन यंत्रांमागे एक तरी मोटर रिवाइंड करणाऱ्याच्या तोंडून कळलेलं आहे. त्याच्याकडे एक काम पैसे देऊन करून घ्या, घासाघीस करू नका, आणि जाताना काय हवंय ते सांगून ठेवा.

वेळही बघावी लागते. दसऱ्यानंतर दिवाळीच्या साफसफाईपर्यंतचे तीन आठवडे सोन्यासारखे. दुसरा हंगाम फेब्रुवारी-मार्च, कंपन्या जुनी मालमत्ता वहीतून काढतात तेव्हा. जून ते सप्टेंबर मागायला हरकत नाही, पण आणू नका. उघड्या टेम्पोत भिजलेला लेथचा बेड (खालची लांब बैठक) दुसऱ्या दिवशी तांबूस दिसतो.

कॉलेजांबद्दल तुम्ही विचारलंय. इंजिनीअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक, आयटीआय, सगळीकडे वर्कशॉप आहे आणि सगळीकडे जुनी यंत्रं आहेत. माटुंग्याचं व्हीजेटीआय तर १८८७ सालचं. पण यंत्र डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या कायम वस्तूंच्या वहीत, चढलेलं असलं की प्राचार्यांची कितीही इच्छा असो, ते उचलून देता येत नाही. निर्लेखनाची, म्हणजे वस्तू वहीतून बाद करण्याची, समिती बसते, मग किंमत ठरते, मग लिलाव. सरकारी संस्थेत तर दान हा शब्दच काढू नका, समोरचा माणूस घाबरतो. लिलावाची तारीख विचारा, आणि आपण बोली लावायची की ज्याने घेतलं त्याच्याकडून नंतर एखादं यंत्र विकत घ्यायचं ते ठरवा. आम्ही दुसरं केलं, स्वस्त पडलं. कॉलेजाकडून खरं मागायचं ते वर्कशॉप इन्स्ट्रक्टरचे निवृत्तीनंतरचे दोन तास.

थ्रीडी प्रिंटर तुमच्या यादीतून मी खोडतोय. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅब मिळाल्या, एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. त्यात थ्रीडी प्रिंटर असतोच, आणि बऱ्याच शाळांत तो कपाटात असतो. जवळच्या अशा शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. ‘तुमचा प्रिंटर आम्ही चालू ठेवू, मुलांना शनिवारी शिकवू’ असं म्हणा. प्रिंटर त्यांचाच राहील आणि तुमची चार चौरस फूट जागा वाचेल.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण देणारा मागे सरतो तो इथेच.

तुमचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे का, हे पहिलं बघा. बरीच मंडळं असतात, आणि सध्याच्या पदाधिकाऱ्यांना नोंदणी क्रमांक माहीत नसतो. वरळीच्या कार्यालयात चौकशी करा. नोंद असेल आणि घटनेतल्या उद्देशांत शिक्षण किंवा समाजोपयोगी काम असं काही असेल, तर सुरुवातीला वेगळा ट्रस्ट काढत बसू नका. फक्त कार्यकारिणीचा ठराव करून घ्या की कार्यशाळा हा मंडळाचा उपक्रम आहे आणि येणाऱ्या वस्तू मंडळाच्या मालमत्तेत नोंदल्या जातील. हा ठराव नसला तर पुढच्या निवडणुकीनंतर तुमचा लेथ कोणाचा, यावर भांडण ठरलेलं.

तुमच्या पत्रात ‘८०-जी अंतर्गत सवलत मिळेल’ असं लिहिलंय. ते आधी काढा. प्राप्तिकरातली ती वजावट पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूच्या देणगीला नाही. आणि रोखीत दोन हजारांपुढे दिलं तर तेही धरत नाहीत. कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला हे पाठ असतं. एक चूक दिसली की तो सगळं पत्र बाजूला ठेवतो.

त्याची दुसरी अडचण जीएसटीची. यंत्र घेताना कंपनीने इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं असेल तर ते कायमचं कोणाला फुकट दिलं तरी कायदा त्याला पुरवठा मानतो आणि कर मागतो. म्हणून मेंटेनन्सवाला हो म्हणतो आणि अकाउंट्सवाला अडवतो. यावर वाट आहे. यंत्र पाच वर्षांहून जुनं असेल तर क्रेडिट परत करण्याचं ओझं हिशेबात उरत नाही, आणि थोडी किंमत लावून रीतसर बीजक केलं तर त्या किमतीवरचा कर भरून विषय संपतो. किंमत काय लावायची ते त्यांचा सीए सांगेल. तुम्ही फक्त म्हणा, ‘फुकटच हवं असा हट्ट नाही, बीजक करा, आम्ही भरतो.’ आमचा बँडसॉ (पट्ट्याची यांत्रिक करवत) असाच, बाजारभावाच्या अगदी किरकोळ हिश्शात आला. छोट्या गाळेमालकाकडे यातलं काही आडवं आलं तर आधी त्याच्या कर सल्लागाराशी बोला.

सामाजिक दायित्वाच्या निधीतून नवी यंत्रं हवी असतील तर तो मार्ग वेगळा आणि लांब. संस्थेकडे सीएसआर-१ ची (असा निधी घेण्यासाठीची) नोंदणी हवी, आणि त्या पैशातून घेतलेली मालमत्ता नोंदणीकृत ट्रस्ट, संस्था किंवा कलम ८ च्या (नफ्यासाठी नसलेल्या) कंपनीच्या नावावर राहू शकते, कोणा कार्यकर्त्याच्या नावावर नाही. दोन वर्षं चालवून दाखवा, हजेरीची वही ठेवा, मग तिकडे वळा. आज नको.

प्रत्येक वस्तूला एक पानी दानपत्र करा, हत्यारांच्या डब्यालासुद्धा. कोणी दिलं, काय दिलं, कोणत्या स्थितीत, आणि एक वाक्य ठळक: ‘ही वस्तू कायमची दिली आहे, परत मागितली जाणार नाही, आणि उपयोग नसल्यास संस्था ती दुसऱ्याला देऊ शकते.’ आम्ही सुरुवातीला हे केलं नाही. एका सद्गृहस्थांनी वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर ‘ठेवा, वापरा’ म्हणून दिला. आम्ही त्याला नवी केबल, होल्डर, चाकं लावली. दोन वर्षांनी त्यांचे जावई येऊन घेऊन गेले, चाकांसकट. त्यांचं काही चुकलं नाही, ‘ठेवा’ म्हणजे ‘घ्या’ असं आम्ही धरून चाललो होतो.

जुने कॉम्प्युटर, सर्किट, मीटर देताना कंपन्या ई-कचऱ्याचं कारण सांगतात, तेही खोटं नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी मोठ्या वापरकर्त्यांना तो नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्वापरवाला यांच्याकडेच द्यावा लागतो. म्हणून चालू स्थितीतलं उपकरण वापरासाठी घेत आहोत असं लिहून द्या. बंद पडलेले मॉनिटर घेऊ नका. तुमची खोली त्यांचं डंपिंग ग्राउंड होईल आणि बाहेर काढायचे पैसे तुम्हाला पडतील.

इथून ‘नको’ म्हणण्याचा विषय सुरू होतो, आणि मला विचाराल तर सगळ्यांत अवघड तेच आहे. पहिल्या वर्षी आम्ही कोणालाच नाही म्हटलं नाही. वर्षअखेरीस आमच्याकडे सात बंद मिक्सर, तीन प्रिंटर, एक दंतवैद्याची खुर्ची होती आणि काम करायला जागा नव्हती. (खुर्चीवर बसायला सगळ्यांना आवडायचं, हे मान्य.)

तुमच्या यादीतला लेझर कटर दानात घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड लेझरची काचेची नळी वापरली नाही तरी वयाने मरते, आणि दान येतं ते बहुधा नळी मेलेलंच. शिवाय कोणीतरी एक दिवस त्यात रेग्झिन किंवा पीव्हीसी घालणार. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसाच्या फुप्फुसाला आणि यंत्राच्या लोखंडाला दोघांनाही वाईट. वर कुटुंबं राहतात, धुरांडं नाही, तर तो विषय तिथेच संपला. गार्ड आणि पात्यामागची फाळ नसलेला जुना टेबलसॉ, इन्सुलेशन तडकलेला वेल्डिंग सेट, गार्ड काढून टाकलेला अँगल ग्राइंडर: कोणी कितीही प्रेमाने दिलं तरी नको. ग्राइंडरच्या चकत्या फुकट मिळाल्या तर मधल्या पत्र्याच्या कड्यावर छापलेली मुदत वाचा. मुदत संपलेली, ओल लागलेली चकती फुटते तेव्हा पळायला वेळ मिळत नाही.

लेथ हवाच असेल तर तपासायला जाणकार न्या. न मिळाल्यास एवढं तरी करा. बेड सर्वांत जास्त झिजतो चकजवळ (काम धरून फिरवणाऱ्या जबड्याजवळ), कारण काम तिथेच होतं. सॅडल (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ नेऊन जिबचे, म्हणजे तिला घट्ट-सैल करणाऱ्या पट्टीचे, स्क्रू हाताला जेमतेम फिरेल इतके आवळा आणि मग ती दुसऱ्या टोकाला, टेलस्टॉककडे न्या. मध्येच घट्ट झाली तर झीज किती ते कळलं. चकमध्ये जाड सळई धरून वर-खाली हलवा, चक फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये खेळ आहे का बघा. मग चेंज गिअर, स्टेडी, सेंटर, टूलपोस्ट हे सुटे भाग मोजा. हे हरवलेलं असलं की गोळा करताना लेथच्या किमतीइतके पैसे जातात. मालक म्हणतो, ‘सगळं इथेच कुठेतरी आहे.’ त्या ‘कुठेतरी’वर विश्वास ठेवू नका, त्याच दिवशी बरोबर आणा.

पण खरं सांगू का, ३५० चौरस फुटांत पहिल्या वर्षी लेथ नको. टनाच्या आसपासचं धूड एकदा बसलं की हलत नाही, आणि तुमच्याकडे दारं-खिडक्या, खुर्च्या, मिक्सर, पंखे, शाळेच्या बॅगा येणार आहेत. त्यातल्या कशाला लेथ लागतो? पाबळचा विज्ञान आश्रम एकदा बघून या. शिरूर तालुक्यात आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली हिंदुस्थान लिव्हरची संशोधनातली नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे गेले. गावाला लागणारी कामं करता करता शिकायचं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या खुल्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये तिथे झाली, तीही माळरानावर. तिथे गेल्यावर तुमची यादी आपोआप निम्मी होईल.

माझ्या मते तुमच्या खोलीत काय असावं? दोन भक्कम बाक, प्रत्येकाला वाइस. पिलर ड्रिल एक. करवती, रंधे, पटाश्या, गुण्या, कानशी, हे सगळं सुताराच्या घरातून मिळतं, आणि जुन्या पटाशीचं पोलाद आजच्या स्वस्त पटाशीपेक्षा चांगलं असतं. पायाच्या दोन शिलाई मशीन, त्यांना वीज लागत नाही आणि सुटे भाग अजून मिळतात. दोन सोल्डरिंग स्टेशन आणि मीटर. हातातला ड्रिल, जिगसॉ. बस्स. यातलं एकही यंत्र असं नाही की जे काळाचौकीपासून तीन किलोमीटरच्या आत कोणाच्या तरी घरी पडून नसेल.

काही गोष्टी मात्र दानात घ्यायच्या नाहीत, नव्याच आणायच्या, आणि पहिला गोळा झालेला पैसा त्यातच घालायचा: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, अग्निशामक, गॉगल, प्रथमोपचार पेटी. तुमच्या भागात वीज बेस्टची. मंडळाच्या जोडणीचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, आणि गाळ्यातून येणारी बहुतेक यंत्रं थ्री-फेजची असतात हे लक्षात ठेवा. दोन-तीन अश्वशक्तीपर्यंतची मोटर डेल्टात जोडता येत असेल तर सिंगल-फेजवरून व्हीएफडी (एका फेजवरून तीन फेज करून देणारं उपकरण) लावून चालते. नाहीतर मोटरच बदलायची. तो खर्च यंत्र घेण्याआधी धरा. आवाजाचंही तसंच. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ग्राइंडर ती सहज ओलांडतो, म्हणून वरच्या मजल्यांशी वेळा आधीच ठरवून घ्या आणि दुपारी एक ते चार काहीही घरघरू देऊ नका. मंडळांच्या उपक्रमांवर रहिवाशांचा पहिला राग दुपारच्या झोपेवरून होतो, नियमावरून नाही.

वाहतूक. ‘फुकट’ मिळालेल्या यंत्राचा सगळ्यांत मोठा खर्च हाच. टेम्पो, हमाली, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), दोन्ही टोकांना चेन-कप्पी आणि पहारी. वसाहतीच्या गेटवर माथाडी असतील तर आदल्या दिवशी जाऊन दर ठरवा. ‘समाजकार्य आहे’ म्हणून त्यांच्या मजुरीत सूट मागू नका, त्यांचंही पोट आहे. शहरात जड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, तेव्हा त्या वेळा आधी विचारून मगच गाडी ठरवा. सोबत माल पाठवल्याचं चलन आणि दानपत्राची प्रत असू द्या. राज्यातल्या राज्यात माल लाखाच्या आतला असेल तर ई-वे बिल (जीएसटीचा मालवाहतुकीचा कागद) लागत नाही, पण कागद विचारणारा भेटतोच. पैसे कोण देणार हे मालकाला पहिल्याच भेटीत सांगा: आम्ही. भंगारवाल्याशी बरोबरी करायची तर एवढं करावंच लागतं.

पत्राचा नमुना मागितलाय. मी असं लिहीन:

‘सप्रेम नमस्कार. काळाचौकीच्या आमच्या मंडळाच्या तळमजल्यावर आम्ही दुरुस्तीची कार्यशाळा सुरू करत आहोत. आम्हाला अर्ध्या इंचाच्या क्षमतेचं एक पिलर ड्रिल हवं आहे. बंद असलं, मोटर जळालेली असली तरी चालेल. आम्ही दोघे येऊन बघू, त्याच भेटीत हो किंवा नाही सांगू, चार दिवसांत आमच्या खर्चाने नेऊ आणि जागा झाडून देऊ. महिन्याभरात ते चालू झालेलं बघायला आपल्याला बोलावू. आपल्याकडे नसेल तर कोणाकडे असेल, एवढं कळवलंत तरी पुरे.’

एवढंच. एका पत्रात एक वस्तू. कार्यशाळेचा उदात्त हेतू ते भेटीत विचारतील तेव्हा सांगा. आणि खाली दोघांचीच नावं आणि फोन, कार्यकारिणीच्या अकरा जणांची नाही. शेवटची ओळ मुद्दाम आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही काहीतरी देता येतं, आणि माणसाला नुसतं नाही म्हणायला आवडत नाही.

वस्तू आल्यावर देणाऱ्याचं नाव यंत्रावर रंगवा, लहान अक्षरात, तेलरंगाने. फलक, शाल-श्रीफळ याची गरज नाही. महिन्याने फोन करा. यंत्र बिघडलं तरी फोन करा, लपवू नका. आमच्याकडे सर्वांत जास्त मदत बिघाडाच्या फोननंतर आलेली आहे.

आता तुम्हाला आलेलं ते एकमेव उत्तर पुन्हा काढा. मी सही बघितली. खाली सामाजिक दायित्व विभाग नाही, ‘प्लांट मेंटेनन्स’ असं लिहिलंय, आणि टाइप केलेल्या मजकुराखाली पेनाने मोबाइल नंबर आहे. ४० पत्रांपैकी बरोबर माणसाच्या हाती पडलेलं ते एकच. आणि तुम्ही त्यात काय हवंय तेच सांगितलं नव्हतं, तर तो ‘शक्य नाही’शिवाय काय लिहिणार? त्याला फोन करा. जेवणाच्या सुट्टीत करू नका, साडेतीनच्या चहाच्या सुमारास करा. पिलर ड्रिलचं विचारा.